वावर एकाच्या नावावर, पऱ्हाटी दुसऱ्याची: महसूलमंत्री आणि विदर्भातील आमदारांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि विदर्भातून निवडून गेलेले सर्व ६२ विधानसभा सदस्य

विषय: मक्त्याने शेती वाहण्याच्या लेखी कराराला कुळकायद्याच्या भीतीतून मोकळे करण्याबाबत

महोदय,

पाडवा जवळ आला की विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत वावरांचे मक्ते, म्हणजे वर्षभरासाठी शेत भाड्याने देण्याचे सौदे, ठरायला लागतात. एकरी दर ठरतो, चार माणसांसमोर पैसे मोजले जातात आणि मालक सांगतो, "पुढच्या पाडव्यापर्यंत वावर तुझे." कागद होत नाही. कुठे झालाच तर त्यावर खरे लिहिलेले नसते. 'मजुरीने कामावर ठेवले आहे' असा मजकूर असतो, नाहीतर मक्त्याची रक्कम हातउसने दिल्याची पावती असते. दोन जाणत्या माणसांनी राजीखुशीने केलेला, गावात सगळ्यांना ठाऊक असलेला व्यवहार खोट्या शब्दांत लिहावा लागतो. असे का, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आमची मागणी योजनेची नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पैसेही नकोत. एक अडथळा तेवढा काढायचा आहे.

हा अडथळा कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ मध्ये आहे. त्याच्या कलम ६ चा आशय असा: दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातला नसेल, रोख वा धान्याच्या मजुरीवरचा गडी नसेल, ताबा असलेला गहाणदारही नसेल, तर तो कूळ मानला जाईल. कूळ मानले की त्यामागोमाग बाकीचे येते. त्याला सहज काढता येत नाही, खंड किती घ्यावा यावर मर्यादा येते, आणि जमीन विकत घेण्याचा हक्क त्याच्याकडे जातो. मक्त्याने देणे हा गुन्हा आहे असे कायदा कुठेच म्हणत नाही. पण एका वर्षाच्या व्यवहारातून कायमचा हक्क उभा राहू शकतो असे दिसले, की शहाणा मालक सही करणारच नाही. 'मजुरीने ठेवले' हा खोटा मजकूर कुठून आला, तेही याच कलमात सापडते. रोख मजुरीचा गडी कूळ होत नाही, म्हणून कागदावर मक्त्याने वाहणारा प्रत्येक जण गडी होतो.

मालकाची भीती पोकळ नाही. सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात एकदा नाव चढले की ते उतरवायला तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, महसूल न्यायाधिकरण आणि शेवटी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशी पायरी-पायरीची वाट आहे. दिवाणी न्यायालयात गेले तरी समोरच्याने "मी कूळ आहे" एवढे म्हटले, की तो मुद्दा निर्णयासाठी महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो, आणि मूळ दावा तिथेच थांबतो. फॉर्म चौदाचेही तसेच. खातेदाराऐवजी दुसराच कसत असेल तर पटवाऱ्याने ते तहसीलदाराला कळवायचे, चौकशी व्हायची आणि मग नोंद घ्यायची, असा नियम १९७१ पासून आहे. नियम चांगला आहे. पण गावात फॉर्म चौदा भरला जातो तो भांडण झाल्यावर. समेट असताना तो भरायला मालक, वाहणारा आणि पटवारी तिघेही तयार नसतात.

हा कायदा आला तेव्हा त्याला कारण होते. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि वऱ्हाडात एकेका घराकडे शेकडो एकर जमीन होती. ती वाहणाऱ्याला कधीही हाकलता येत असे. १ एप्रिल १९६१ रोजी कायद्याने पात्र कुळांकडे मालकी वर्ग केली, आणि ज्यांना जमीन मिळाली त्यांची घरे उभी राहिली. त्या हक्कांना हात लावा असे आम्ही म्हणत नाही. पुढे कमाल जमीन धारणेचा १९६१ चा कायदा आला, त्यानंतर दोन-तीन पिढ्यांच्या वाटण्या झाल्या. आज मक्त्याने वावर देणारा कोण आहे, हे कोणत्याही गावात जाऊन बघा. बुटीबोरीच्या कारखान्यात लागलेला तीन एकरांचा धनी, मुलाकडे पुण्याला गेलेले म्हातारे जोडपे, नवरा गेल्यावर वाही करायला माणूस न उरलेली बाई. घेणाऱ्याकडे मात्र बहुतेक वेळा बैलजोडी किंवा ट्रॅक्टर असतो, घरात दोन काम करणारे हात असतात आणि वीस एकर वाहायची ताकद असते. पुष्कळदा या दोघांत कमजोर बाजू मालकाची असते. १९५८ चा कायदा मात्र अजूनही समोर मालगुजार बसला आहे असे धरून चालतो.

एवढेच असते तर एक जुना कायदा आडवा येतो म्हणून सोडून दिले असते. अडचण अशी, की गेल्या वीस वर्षांत सरकारने कास्तकारासाठी जे जे काही उभे केले ते सारे सात-बाराच्या नावावर उभे केले. एका कायद्याने वाहणाऱ्याचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही आणि दुसरीकडे प्रत्येक योजनेने कागदावरचे नाव मागायचे, असे चालले आहे. यातून काय होते ते एका हंगामाच्या क्रमाने मांडतो.

सुरुवात पीककर्जापासून. वेळेवर फेड केली तर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्क्याने पडते. बँक मागते सात-बारा, आठ-अ आणि थकबाकी नसल्याचा दाखला. तोंडी मक्त्याने वाहणाऱ्यालाही किसान क्रेडिट कार्ड देता येते, असे रिझर्व्ह बँकेच्या योजनेतच लिहिले आहे. चार ते दहा जणांच्या संयुक्त देयता गटाचीही सोय नाबार्डने केली आहे. शाखेत मात्र पहिला प्रश्न येतो, "सात-बारा कुठे आहे?" तेव्हा शून्य टक्क्याचे कर्ज मालक घेतो. वाहत असो वा नसो, ते त्याला मिळते. कोणी ते उचलून ठेवीत टाकतो. वाहणारा गावातल्या सावकाराकडे जातो. सावकारीच्या २०१४ च्या कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही, असा दर ठरवून दिला आहे. या दराने विनातारण पैसे देणारा सावकार कोणाला भेटला असेल तर आम्हालाही पत्ता द्यावा. मिळतो तो शेकड्याला महिना तीनवाला, बिनपरवान्याचा.

मग पेरणी. बियाणे, डीएपी आणि फवारणीची औषधे कृषी केंद्रातून उधारीवर येतात. उधारीत वस्तूचा भाव थोडा चढा लागतो, आणि काही ठिकाणी माल त्याच दुकानदाराच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला घालायचा असे आधीच ठरलेले असते.

त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. हा अकरा अंकी क्रमांक खातेदाराच्या जमिनीला जोडलेला आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला तो निघत नाही. बाप-दादापासून शेतीच करणारा माणूस सरकारच्या संगणकात शेतकरी म्हणून कुठेच नाही.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून आली. वावरात उभे राहून फोटो काढायचा असल्याने ते काम वाहणाराच करतो, कारण मालक गावात नाही. पण नोंद चढते ती खातेदाराच्या नावाने. पुढे विमा, पंचनामा, हमीभाव यांची सगळी भिस्त याच नोंदीवर असते. आपल्या हाताने, आपल्या मोबाइलवरून, आपल्याच पिकावरचा हक्क दुसऱ्याच्या नावे लिहायचा, अशी ही पाहणी आहे.

विम्याचे उदाहरण सगळ्यात बोलके आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत भाडेपट्ट्याने आणि बटईने, म्हणजे पिकाच्या हिश्श्यावर, वाहणारे पात्र आहेत, असे मार्गदर्शक सूचना म्हणतात. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा आणला. विमा फुकटात पडायला लागल्यावर सरकारी जमिनी, देवस्थानच्या जमिनी, पेरलेच नव्हते ते पीक, सगळ्यांवर अर्ज पडले. मग राज्याने कडक व्हायचे ठरवले आणि भाड्याने वाहणाऱ्याला नोंदणीकृत करार अपलोड करणे सक्तीचे केले. नोंदणीकृत म्हणजे दुय्यम निबंधकाकडे दोघांची हजेरी, साक्षीदार, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. कोऱ्या स्टॅम्प पेपरलाच आता किमान ५०० रुपये लागतात, पूर्वी १०० लागत. ज्या मालकाला साध्या कागदाची भीती वाटते तो निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर बसून अंगठा देईल का? खोटे अर्ज करणारे निसटले आणि खरा वाहणारा बाहेर राहिला. २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गेली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाच्या अन्नधान्याला व गळीत पिकांना २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत झाला, आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर आली. मालकाच्या नावे विमा काढून हप्ता वाहणाऱ्याने भरायचा, ही गावातली पळवाट. भरपाई आली की ती मालकाच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. मालक भला असेल तर देतो. निम्मी ठेवून घेतो तोही वाईट म्हणवत नाही. काहीच न देणाऱ्याविरुद्ध वाहणाऱ्याच्या हातात कसलाच पुरावा नसतो.

अतिवृष्टीच्या मदतीचेही तसेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० असा आहे. किमान ३३ टक्के नुकसान झालेले असले पाहिजे. पंचनामा करणारे तिघेही कर्मचारी गावातलेच असतात आणि वावर कोण वाहतो हे त्यांना पाठ असते. तरी यादी बनते ती खातेदारांची, कारण नमुन्यात वेगळे काही लिहायला जागा नाही. रानडुकरांनी आणि रोह्यांनी उभे पीक मोडले तर वनखात्याचा अर्जही सात-बाऱ्यानेच सुरू होतो.

शेवटी विक्री. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ८,११०, सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये क्विंटल आहे. भारतीय कापूस महामंडळाला माल द्यायचा तर आधी 'कपास किसान' अॅपवर नोंदणी, त्यात कापसाची नोंद असलेला सात-बारा, मग तारीख मिळवायची, मग गाडी केंद्रावर न्यायची. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. सोयाबीनला ओलाव्याची अट १२ टक्के, काडीकचरा २ टक्के. २०२४ च्या हंगामात ओलावा १५ टक्क्यांपर्यंत चालेल अशी सूट आली, तोवर गरजवंताचा बराच माल व्यापाऱ्याकडे गेला होता, आणि नंतर बारदाना संपला म्हणून केंद्रे थांबली. हे सगळे खातेदाराच्या वाट्यालाही येते. मक्त्याने वाहणाऱ्याची अडचण त्याच्या आधीच सुरू होते. दुसऱ्याच्या वावरातला माल आपला म्हणून दाखवायचा तर कागद हवा, आणि तो कागद म्हणजे तोच न लिहिलेला करार. मालकाच्या नावे विकावे तर चुकारा मालकाच्या खात्यात. म्हणून तो खेड्यात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने देतो. तोच व्यापारी पुढे चार मालकांचे सात-बारे गोळा करून तोच कापूस हमीभावाने घालतो, हे ज्याला माहीत नाही असा बाजार समितीत एकही माणूस नसेल.

आता हिशेब. समजा पाच एकर कोरडवाहू, एकरी १०,००० रुपये मक्ता, म्हणजे ५०,००० पाडव्याला रोख. शेकड्याला महिना तीनप्रमाणे नऊ महिन्यांचे व्याज १३,५००. बी-खत-औषध एकरी १२,००० धरले तर ६०,००० ची उधारी. महिना दोन टक्क्यांनी सहा महिन्यांचे ७,२००. एकरी पाच क्विंटलने २५ क्विंटल कापूस झाला, ओलावा १० टक्के निघाला. केंद्रावर २ टक्के कपात होऊन ७,९४८ चा भाव पडला असता. खेडा खरेदीत ७,१०० मिळाले. फरक ८४८, म्हणजे २५ क्विंटलला २१,२००. तीन आकड्यांची बेरीज ४१,९००. केवळ नाव कागदावर नाही म्हणून ही रक्कम एका वर्षात गेली. पाऊस अंगावर आला तर दोन हेक्टरांची १७,००० ची मदत मालकाकडे, ती वेगळीच. दर आपल्या तालुक्याप्रमाणे बदलून बघा, दिशा बदलत नाही.

याच घरातल्या बाईला जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. वर्षाचे १८,०००. त्यावर केवायसी, यादीतून नाव गेले का, पुन्हा आले का, ही धाकधूक. त्या पैशाला नाव ठेवायचा आमचा हेतू नाही, घरात तो उपयोगी पडतो. पण ज्या सरकारच्या कायद्यामुळे त्या घराचे ४१,९०० जातात त्याच सरकारने १८,००० देऊन आभाराचे फलक लावावेत, याला आम्ही कल्याण म्हणत नाही. भूमिहीन वाहणाऱ्याला पीएम-किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० यांतला एक रुपयाही नाही, कारण १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर असावी लागते आणि त्यानंतर आली तर ती वारसाने आलेली असावी लागते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्याही बँकेच्या खात्यांच्या होत्या. ज्याला बँकेने दारातच अडवले त्याला माफ करायला काही नव्हतेच.

आत्महत्येच्या मदतीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण या विषयावर विदर्भाचे नाव पुरेसे वापरून झाले आहे. एक लाखाच्या मदतीसाठी मृताच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर शेती हवी, आणि कर्ज बँकेचे, संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. दुसऱ्याचे वावर, बिनपरवान्याचा सावकार, कृषी केंद्राची उधारी, ही मक्त्याने वाहणाऱ्याची रोजची स्थिती. तालुका समितीपुढे अशी फाइल आली की ती अपात्र ठरवायला कोणाला वाईट माणूस असावे लागत नाही. नियमच तसा आहे.

जमिनीचेही नुकसान आहे आणि ते कोणत्याच नोंदवहीत येत नाही. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे पुरतो. पुढच्या पाडव्याला वावर आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला माणूस एकरी पाच-सात गाड्या खत कशाला टाकेल? तो युरिया टाकतो, कारण युरिया याच हंगामात दिसतो. फुटलेला धुरा तो बांधत नाही, चर काढत नाही, पाण्याची वाट वळवत नाही, ठिबक अंथरत नाही. तुरीचे तास वाढवत नाही, कारण तूर जानेवारीपर्यंत वावर अडवते. मालकही मुद्दाम दर वर्षी माणूस बदलतो, एकाकडेच राहिले तर तो वहिवाट सांगेल म्हणून. काही मालक तर देतच नाहीत. गावाला लागून काळीभोर जमीन पडीक, तिथे रानडुकरांचा मुक्काम आणि शेजारच्याच्या पिकाचे नुकसान. ज्या कायद्याने वाहणाऱ्याला स्थिरता द्यायची होती त्यानेच त्याला दर वर्षी हलवत ठेवले आहे.

आता शेजारी काय झाले ते बघू, म्हणजे नवी चूक तरी होणार नाही. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू आणली, एकरी हंगामाला ४,००० रुपये, पुढे ५,०००. पैसे जमिनीच्या पट्ट्यावर गेले, वाहणाऱ्याला काही नाही. पांढरकवड्याहून आदिलाबादला जाणाऱ्या कोणालाही हे विचारता येईल. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक घेणाऱ्याच्या हक्काचा कायदा केला. अकरा महिन्यांचा करार आणि कार्ड, मालकी हक्काला धक्का नाही. कल्पना चांगली, पण सही मालकाची लागते आणि मालक बिचकतात. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये भूमीस्वामी आणि बटईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा केला, त्यात लेखी करार मान्य आहे आणि बटईदाराला मालकीचा हक्क मिळत नाही. वरुड-मोर्शीच्या पलीकडे बैतुल आणि छिंदवाड्यात हे चालते, तर अलीकडे का नको? निती आयोगानेही २०१६ मध्येच नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला आहे. म्हणजे शब्द तयार आहेत, शोधायचे नाहीत.

आम्हाला जे हवे ते दोन पानांत मावते. ठरावीक मुदतीचा, एक ते पाच किंवा सात वर्षांचा लेखी करार कोणत्याही दोन व्यक्तींना करता यावा. 'या करारामुळे १९५८ च्या अधिनियमाखाली कोणताही कुळहक्क निर्माण होणार नाही, आणि इतर हक्कात नोंद होणार नाही' असे एक निःसंदिग्ध वाक्य कायद्यातच असावे. परिपत्रकात नको. परिपत्रक पुढच्या सचिवाने मागे घेता येते, आणि न्यायालयात अधिनियमापुढे ते टिकतही नाही. मक्ता किती, हे दोघांनी ठरवावे. सरकारने कमाल दर लावला की तो पुन्हा टेबलाखालून जाईल. मुदत संपली की वावर आपोआप मालकाकडे, पण उभे पीक काढून नेईपर्यंत वाहणाऱ्याला हात लावता येणार नाही. मालक मेला किंवा जमीन विकली तरी करार मुदतीपर्यंत चालू.

करार ग्रामपंचायतीत किंवा सेतू केंद्रात नाममात्र फीने दाखल व्हावा आणि दाखल झाल्याची पोच त्याच दिवशी मिळावी. इथेच सगळे बिघडू शकते, म्हणून नीट सांगतो. तहसीलदाराची पूर्वपरवानगी ठेवू नका. 'करार योग्य आहे का' हे तपासायला समिती नेमू नका. पटवाऱ्याचा अहवाल, कृषी खात्याची शिफारस, सरपंचाचा दाखला, यांतले एक जरी आत शिरले तरी प्रत्येक सहीला भाव येईल आणि माणसे पुन्हा तोंडी व्यवहाराकडे जातील. सरकारचे काम फक्त पोच देणे आणि भांडण झाल्यास ठरावीक दिवसांत निकाल देणे. नवे पोर्टलही नको. ई-पीक पाहणीत त्या हंगामापुरता 'कसणाऱ्याचे नाव आणि कराराचा क्रमांक' असा एक रकाना जोडला की पुरे, नाव हंगामानंतर आपोआप जावे.

त्यानंतर पैशाची वाट. पिकाशी जोडलेले जे जे आहे, म्हणजे विम्याची भरपाई, अतिवृष्टीची मदत, वन्यप्राण्यांची भरपाई, हमीभावाचा चुकारा, ते त्या रकान्यातल्या माणसाच्या खात्यात. बटई असेल तर करारात लिहिलेल्या हिश्श्याप्रमाणे. जमिनीशी जोडलेले, म्हणजे पीएम-किसान आणि नमोचे १२,००० आणि भूसंपादनाचा मोबदला, मालकाकडेच राहू द्या. वावर न वाहणाऱ्याला शेतकरी म्हणून पैसे का, हा वाद आम्हालाही घालता येतो. पण करार केला की १२,००० जातील असे मालकाला दिसले तर तो सही करणार नाही, आणि बाकीचे सगळे वाया जाईल. तो वाद वेगळा घाला.

मालक मक्त्याचे दर वाढवतील, असा आक्षेप येईल. थोडे वाढतीलही, कारण कागदामुळे वावराला हमीभाव, विमा आणि बँक जोडली जाईल आणि त्यातला वाटा मालक मागेल. पण आज पडीक असलेली आणि भीतीने अडकलेली जमीनही बाजारात येईल. कंपन्या जमिनी बळकावतील, असेही म्हटले जाईल. मालकी हलतच नाही आणि कमाल धारणेचा कायदा जागेवर आहे. भीती असेलच तर पहिली पाच वर्षे करार फक्त व्यक्ती आणि बचत गट यांच्यापुरता ठेवा. त्यापायी सगळेच अडवून ठेवू नका. तिसरी शंका खोट्या करारांची. एकाच गटावर दोन पोच निघू नयेत एवढी तपासणी संगणकाला जमते, आणि मालकाला दाखल होताच संदेश गेला की त्याच्या माघारी कोणी करार करू शकत नाही.

एक विनंती आवर्जून. हा विषय सभागृहात निघाला की कोणीतरी उठून मक्त्याने वाहणाऱ्यांसाठी सन्मान योजना मागेल. नाव तयार होईल, फलक छापले जातील, पात्र-अपात्रच्या याद्या लागतील, आणि लाभार्थी ठरवायला पुन्हा सात-बाराच मागितला जाईल. कृपया ती मागणी करू नका.

अधिनियम दुरुस्त करायचा तर तो पाडव्याच्या आधी लागू झाला पाहिजे. मार्चनंतर आला तर त्या वर्षीचे मक्ते तोंडी होऊन गेलेले असतील आणि त्याचा उपयोग पुढच्या हंगामातच होईल. दोन्ही सभागृहांत मंजुरी, राज्यपालांची सही, नियम, ई-पीक पाहणीतला रकाना आणि सेतू चालकांना सूचना, हा क्रम धरला तर विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच मांडावे लागते. मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत थांबले तर वेळ निघून जातो. अधिवेशनाच्या कामकाजात हे विधेयक घेणार की नाही, घेणार असल्यास कोण मांडणार, एवढे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

आपले,
वावर मक्त्याने देणारे आणि घेणारे कास्तकार, सेतू केंद्रांचे चालक व निवृत्त महसूल कर्मचारी,
विदर्भ